खाडा आणि सुट्टी

आमच्या घरात खाडा आणि सुट्टी हे दोन वेगळे शब्द होते, आणि एकाच्या जागी दुसरा कधी वापरला गेला नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात विणकर होते. ताप आला, गावाहून तार आली किंवा गुडघा धरला की ते घरी राहायचे. तो खाडा. खाड्याच्या दिवशी ते चटईवर पडून असले तरी डोळे दाराकडे असायचे. आपल्या साच्यांवर आज कोण बदली उभा केला असेल, मुकादम उद्या काय बोलेल, पगारातून किती कापतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायचे. रविवारची गोष्ट वेगळी. त्या दिवशी आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या कुठल्याच गिरणीचा भोंगा वाजत नसे. चाळीच्या गॅलरीत सगळेच बाबा घरी असायचे आणि कोणाचेच डोळे दाराकडे नसायचे.

मला या फरकाचा इतिहास सांगायचा आहे. परळच्या एका रात्रशाळेत मी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला. दिवसभर राबून आलेली मुले समोर बसायची. हमाली करणारी, हॉटेलात कपबशा विसळणारी, कुरिअरची पाकिटे वाटणारी. साडेआठच्या सुमारास त्यांच्या माना खाली जायला लागत. पहिली काही वर्षे मी त्यांना उठवत असे, पुढे सोडून दिले. ज्या मुलाला दिवसभरात बसायला मिळालेले नाही, त्याला बाकावर पहिल्यांदा पाठ टेकता येते, हे मला उशिरा कळले. त्या वर्गात नारायण मेघाजी लोखंडे शिकवताना मात्र झोपलेली पोरेही जागी व्हायची. रविवारची सुट्टी कोणी मागितली आणि ती मिळायला सहा वर्षे लागली, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना वाटायचे, रविवार हा पहिल्यापासून सुट्टीचाच वार आहे.

तसा तो नव्हता. गिरण्या येण्याआधी आपल्याकडच्या कष्टकऱ्याला सगळीकडे एकच असा आठवड्याचा ठरलेला दिवस नव्हता, पण विसावा माहीत होता. बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावात अमावास्येला सुतार आणि गवंडी हत्याराला हात लावत नसत. घाटावरच्या कित्येक गावांत सोमवारी औत जुंपत नाहीत, कारण तो महादेवाचा वार आणि बैल हा त्याचा नंदी. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. खांदेमळणी हा शब्द मला फार आवडतो. जो अवयव वर्षभर भार वाहतो, त्यालाच हात लावून विसावा द्यायचा, ही समज त्यात आहे. आषाढी वारीतसुद्धा पालखीचे मुक्काम जसे ठरलेले, तसे दुपारचे विसावेही ठरलेले. एवढ्या भक्तीच्या वाटेवरही कोणी थांबण्याची लाज धरत नाही. या सगळ्या विसाव्यांत एक गोष्ट सारखी आहे. थांबते ते सगळे गाव, एकटा माणूस थांबत नाही.

हे विसावे पाठीशी घेऊन रत्नागिरीची, साताऱ्याची, पुणे जिल्ह्यातली माणसे मुंबईला आली. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. वाफेच्या इंजिनाला अमावास्या नव्हती आणि सोमवारही नव्हता. उजाडले की गिरणी सुरू, अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही मोठी. सणासुदीच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर सातही दिवस काम. काही गिरण्या रविवारी बंद ठेवत, तिथेही सकाळी यंत्रांच्या सफाईला कामगाराला बोलावले जाई. अर्धा दिवस तेला-कापसात गेल्यावर उरलेल्या अर्ध्यात तो काय विसावा घेणार?

१८८१ साली देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला. कामाच्या तासांबाबत तो फक्त पोरांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. सात वर्षांचे मूल नऊ तास, हे शिकवताना माझा आवाज दर वर्षी अडखळायचा. मोठ्या माणसांच्या तासांविषयी किंवा सुट्टीविषयी त्या कायद्यात काहीच नव्हते.

इथे लोखंडे येतात. ते १८४८ साली ठाण्यात जन्मले. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते एका गिरणीत भांडारपाल झाले होते, म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईहून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या अशा: दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा निकामी झाला तर पोटाची सोय.

या यादीचा क्रम मी मुलांना पुन्हा पुन्हा पाहायला लावत असे. पाच मागण्यांत पहिल्या तीन वेळेच्या आहेत. पगार चौथा आहे, आणि तोही वाढवून मागितलेला नाही, वेळेवर मागितलेला आहे. अर्धपोटी माणसांनी आधी विसावा मागितला. शिवाय साचेवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर होती. रविवारी साचा बंद म्हणजे त्या दिवसाचे कापड नाही, म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत. हे ज्याच्या-त्याच्या बोटावर मोजलेले असणार. तरी त्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. ‘पोट भरलेल्यांचे चोचले’ म्हणून विश्रांतीचा विषय झटकून टाकणारे लोक मला आयुष्यभर भेटले. त्यांना मी हा अर्ज सांगते.

मागणी लगेच मान्य झाली नाही. गिरणीमालकांचे म्हणणे होते की कामगारांची तक्रारच नाही. आणखी एक अडचण होती, ती आज सांगताना वाईट वाटते. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर निर्बंध यावेत म्हणून मँचेस्टरचे कापडवाले विलायतेत आवाज उठवत होते, आणि त्यात त्यांचा स्वार्थ उघड होता. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. देशी धंदा वाचला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या धंद्यात पहाटेपासून उभ्या असलेल्या देशी माणसाची बाजू घेणारे पत्र म्हणजे ‘दीनबंधु’. लोखंडे त्या वेळी किती एकटे पडले असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सभा झाली. दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १८९० सालच्या गिरणी कामगार बाया, दहा हजारांसमोर! आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारचा अर्धा तास आला, बायकांसाठी दिवसाचे अकरा तास ठरले. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि त्यांचे तास सातावर आले.

रविवार हा साहेबाच्या देवळाचा वार, म्हणून तो आपल्यावर लादला गेला, असे अजून काही जण म्हणतात. इतिहास तसा नाही. साहेबाची कचेरी रविवारी आधीपासून बंद होती, गिरणी मात्र चालू होती. गिरणीचा रविवार परळच्या सभेने मागून घेतला आहे. आणि तो आपल्या माणसाला परका मुळीच नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या किती घरांत त्या दिवशी तळी उचलली जायची.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, आणि परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. तिच्या दारावरून मी रोज रात्री साडेनऊला घरी जात असे.

एक दिवस मिळाला, पण उरलेले सहा दिवस लांबतच गेले. सूर्यास्ताची जी मागणी अर्जात होती, तिचे मोल १९०५ च्या सुमारास कळले. गिरण्यांत विजेचे दिवे लागले. तोवर अंधार हा कामगाराचा वकील होता. तो आला की मालकालाही यंत्र थांबवावे लागे. दिवे आले आणि पाळी तेरा, चौदा तासांवर गेली. कामगार मग खात्याबाहेर जाऊन बसू लागले. विडीला, पाण्याला, भाकरी खायला, घटकाभर डोळा मिटायला. चौकशीला आलेल्या आयोगापुढे मालकांनी याला कामचुकारपणा म्हटले आणि तोच पुरावा म्हणून मांडला: माणूस सगळा वेळ काम करतच नाही, तर तास कमी कशाला करायचे? १९०८ च्या फॅक्टरी आयोगात मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. मोठ्या पुरुषांच्या तासांवरही कायद्याने मर्यादा हवी, असे त्यांनी बहुमताच्या विरोधात जाऊन वेगळे लिहून दिले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ, १९३४ मध्ये दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली आहेत.

पण माझ्या दोन शब्दांसाठी महत्त्वाचे साल १९४५ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. परळच्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी, त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. त्यांच्या कारकिर्दीत फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी कायद्याने मिळाली. घरी राहायचे आणि पैसे कापले जाणार नाहीत! लोखंड्यांनी दिवस मागून घेतला होता, आता त्या दिवसाची किंमत कामगाराच्या खिशातून जाणे थांबायला सुरुवात झाली. रजा हा शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थ संमती. ती दुसऱ्याकडे मागावी लागते. सुट्टी हा शब्द सुटण्यावरून आला. गिरणी सुटते, शाळा सुटते, गाठ सुटते.

गाठीवरून बाबा आठवतात. साचेखात्यात एवढा गोंगाट की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी ओठांच्या हालचालीवरून बोलायचे. त्यामुळे सगळे विणकर घरी आल्यावरही ओरडून बोलत. पाणी मागायचे तरी बाबा ओरडायचे, आणि आम्ही भावंडे दचकायचो. रविवारी सकाळी तेच. मग ते डोक्याला तेल लावून सावकाश आंघोळ करायचे, बाजारातून मासळी आणायचे, जेवायचे आणि दार ओढून घेऊन झोपायचे. झोपेत पहिली काही मिनिटे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची. तुटलेला धागा सांधताना फिरते तशी. मी उशाशी बसून पाहायची. हळूहळू बोटे थांबायची. चार वाजता उठले की बाबांचा आवाज खाली आलेला असायचा. ‘चहा ठेव गं,’ हे ते इतक्या हळू म्हणायचे की मला पुन्हा विचारावे लागे. संध्याकाळी भजनी मंडळ, नाहीतर दामोदर हॉलला कामगारांचे नाटक. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली उभारलेले ते नाट्यगृह. रात्री घरी येताना बाबा आम्हाला नाटकातली माणसे हलक्या आवाजात करून दाखवायचे. सोमवारी रात्री पुन्हा ओरडणे सुरू. मनःस्वास्थ्य हा शब्द आमच्या चाळीत कोणी उच्चारला नव्हता, पण रविवारी चार वाजता ते आमच्या खोलीत असायचे.

आईचा रविवार असा नव्हता. मासळी साफ करायची तिने, आठवड्याचे कपडे तिने धुवायचे, दळण तिने आणायचे, आणि बाबा झोपले म्हणून आम्हाला गॅलरीत घेऊन बसायचे तेही तिनेच. महालक्ष्मीच्या मैदानात बोललेल्या त्या दोघी सुट्टी मागून घरी गेल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले असेल? दिवसातून एकदा, दुपारी तीन ते साडेतीन, आई तंबाखूची मशेरी लावून जिन्यावर बसायची. तेवढीच तिची सुट्टी, आणि तीही आम्ही हाका मारून मोडायचो. याचे मला आज फार वाईट वाटते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसे घरी बसली. बाबा रोज घरी. भोंगा कायमचा गप्प झाला होता, पण आमच्याकडे पुन्हा रविवार आला नाही. दुपारी ते आडवे व्हायचे आणि बोटे फिरतच राहायची. नुसते रिकामे बसणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे मी तेव्हा घरात पाहिले. विश्रांतीला तिच्या दोन्ही बाजूंना काम लागते आणि उद्याची खात्री लागते.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगते. सकाळी एका शाळेत आणि संध्याकाळी रात्रशाळेत असे मी अकरा वर्षे केले. रविवारी पेपर तपासायचे. १९९४ च्या पावसाळ्यात माझी झोप गेली. फळ्यावर साल लिहिताना हात थांबायचा आणि पुढचा आकडा आठवायचा नाही. एका दुपारी वर्गातच रडू फुटले, कारण काहीच नव्हते. सकाळच्या शाळेत रजा मागितली तर ‘ताप आहे का?’ असे विचारले. ताप नव्हता, म्हणून रजा नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या दिल्या आणि विचारले, ‘बाई, तुमची सुट्टी कधी असते?’ मी उत्तर देऊ शकले नाही. परळमध्ये जन्मलेली, लोखंडे शिकवणारी मी. त्यानंतर मी सकाळची नोकरी सोडली. पैशाची ओढाताण झाली, पण सहा महिन्यांनी झोप परत आली.

म्हणून ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. एकट्याने काढलेला वेळ हा खाडाच असतो. डोळे दाराकडे लागतात, आता ते फोनकडे लागतात. सगळ्यांसाठी एक दिवस मिळून ठरतो तेव्हाच त्याची सुट्टी होते. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने महाराष्ट्रात दुकाने सातही दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती द्यायचीच आहे, पण वार ज्याचा-त्याचा वेगळा. माझी एक विद्यार्थिनी मॉलमध्ये आहे, तिला मंगळवार. तिचा नवरा भोसरीच्या कारखान्यात, त्याला गुरुवार. मुलीची शाळा रविवारी बंद. कायदा पाळला जातो आहे, आणि त्या घरात तिघांना मिळून सुट्टीचा एकही वार नाही.

आणि एक जागा अशी आहे, जिथे १८९० अजून उजाडलेले नाही. ती आपल्या घरात आहे. धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना आपण रविवार देत नाही. उलट रविवारी पाहुणे असतात म्हणून लवकर बोलावतो. त्या आल्या नाहीत की स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात आपण फुली मारतो, आणि महिनाअखेरीस म्हणतो, ‘या महिन्यात तीन खाडे.’ माझ्याकडे येणाऱ्या ताईंशी बोलून आम्ही रविवार पक्का केला, भरपगारी. आमच्या इमारतीतल्या नऊ घरांनीही तोच वार ठरवला, कारण एका घराने सुट्टी देऊन दुसऱ्याने बोलावले तर त्यांना घरातून निघावेच लागते. तुमच्या इमारतीत एवढे करा. सगळ्या घरांनी मिळून एक वार ठरवा, पैसे कापू नका, आणि त्या चौकोनात फुली मारू नका. तिथे ‘सुट्टी’ असे लिहा.